हिरव्या रंगातला जोहड

७ एप्रिल २०२५, सोमवार
आर. के. पुरम, दिल्ली

माझ्या फील्डबुकात खडकाचा प्रकार, उतार, विहिरींची पातळी या सगळ्यांना रकाने आहेत. माणसांना रकाना नाही. आज बासडीहून परतताना वाटलं, माणसांसाठी एक वेगळी वही असावी. ऑफिसात नव्या वर्षाच्या डायऱ्या पडून होत्या, त्यातली एक उचलून आणली. घरी जयदीप, माझा नवरा, हसला. "सत्तावन्नाव्या वर्षी डायरी? आठ दिवस चालेल."

बासडी गुरुग्रामच्या पलीकडं, अरवलीच्या पायथ्याशी आहे. त्या पट्ट्याचा नवा विकास आराखडा होतोय. कुठं घरं बांधायची, कुठं नाही, हे त्यात ठरणार. समितीत नगररचनावाले आहेत, महसूलवाले आहेत, आणि पाण्याची बाजू बघायला आमच्या खात्यातून पाठवलेली भूजलवाली मी.

गावात एक जोहड आहे. इकडं गावतळ्याला जोहड म्हणतात. काठावर एक म्हातारी ओढणी कमरेला खोचून गाळ उपसत होती. बरोबर आणखी सात-आठ बायका. नाव विचारलं तर म्हणाली, भरपाई. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग तिनंच सांगितलं. घरात चौथी मुलगी झाली तेव्हा आजी म्हणाली, आता भर पाए, पुरे झालं. तेच नाव पडलं. आपल्याकडं भरपाईचा अर्थ वेगळा, हे मी तिला सांगितलं नाही.

"पानी कहाँ से आता है?" मी विचारलं. तिनं फावडं टाकलं आणि चालायला लागली. दीड किलोमीटर चढ, पायात रबरी चप्पल, आणि मी बूट घालून मागं धापा टाकते आहे. कीकरांतून, म्हणजे बाभळींतून, एक कोरडा नाला वर जातो. कुणा परक्याला तो नाला वाटणारही नाही, दगडांची एक रांग वाटेल. तिनं तीन ठिकाणी थांबून दगड दाखवले. चांगल्या सालात पाणी इथवर येतं, मध्यम सालात इथवर. माझ्या यंत्रावर उंची घेतली, सगळं तंतोतंत जुळत होतं.

मी लिहीत होते तेव्हा ती बाजूला उभी राहिली. "लिख लिया?"

"लिख लिया."

"पढ़ के सुणा."

मी वाचून दाखवलं. तिनं एक दगड चुकला म्हणून दुरुस्त करवला. मग म्हणाली, "इब बात पक्की सै."


२० एप्रिल, रविवार

नकाशा पूर्ण झाला. चौऱ्याऐंशी हेक्टरचा उतार त्या एका नाल्यातून जोहडात उतरतो. नाल्याच्या दोन्ही बाजूंना साठ-साठ मीटर आणि वरचा सगळा उतार बांधकामासाठी बंद, असं मी सुचवलं आहे. नकाशात तो भाग हिरवा केला.

अक्षया माझ्या खांद्यावरून बघत होती. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंटर्नशिपही चालू आहे, म्हणून हल्ली प्रत्येक कागदात नाक घालते. "आई, पाणलोट म्हणजे? वॉटरफॉल?" मी कपाळावर हात मारला. दिल्लीत वाढलेली पोर. मग टेबलावरची परात घेतली, एका कडेवर पाणी ओतलं. "जेवढ्या जागेवर पडलेलं पाणी या एका खड्ड्यात येतं, तेवढी जागा म्हणजे पाणलोट." ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे परातीची कड कापली तर खड्ड्याला काहीच नाही मिळणार." मी म्हटलं, "बिल्कुल."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ नकाशा मी काढला नव्हता. सांगायला लाज नाही वाटत, दोनदा तो पसरून नुसता बघत बसले.


२८ एप्रिल, सोमवार

भसीन साहेबांनी बोलावलं. विक्रांत भसीन समितीचे अध्यक्ष आहेत. आवाज कधी चढवत नाहीत. स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला, बिनसाखरेचा. मला साखर चालत नाही हे त्यांच्या लक्षात होतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या.

"शालिनी जी, आपकी रिपोर्ट सबसे अच्छी है. बाक़ी लोगों ने तो इंटरनेट से उठा के चिपका दिया है."

मी चहाचा कप उचलला.

"बस, थोड़ी सख़्त है. देखिए, लोगों को घर भी चाहिए. उस ढलान के मालिक भी गाँव के ही लोग हैं, वो भी कुछ उम्मीद लगाए बैठे हैं. हम पूरा ढलान बंद कर देंगे तो वो कोर्ट जाएँगे, पूरा प्लैन अटकेगा, और फिर बिना प्लैन के जो होगा, वो आपने गुरुग्राम में देखा ही है."

हे खोटं नाही. मी पाहिलंय.

ते पुढं म्हणाले की राज्यपातळीवर पाण्याचं एक सल्लागार मंडळ होतंय, तिथं नुसते 'ना' म्हणणारे तज्ज्ञ नकोत, समजूतदार माणसं हवीत. "मैंने आपका नाम सोचा है. पर वो अलग बात है. आप रिपोर्ट एक बार फिर देख लीजिए. जो आपको ठीक लगे, वही लिखिए."

इथं नोंद करून ठेवते: त्यांनी कसलाही दबाव आणला नाही. शेवटचं वाक्य शब्दशः त्यांचंच आहे.


५ मे, सोमवार

बासडीला पुन्हा जायचं ठरवलं होतं, पण गाडी मिळाली नाही. खरं तर मागितली नाही. उन्हं फार आहेत. मार्चमधलं उपग्रहाचं चित्र उघडून बसले. त्यात नाला जवळजवळ दिसतच नाही. कोरड्या दिवसांतलं चित्र, त्यात कसा दिसेल? पण दिसत नाही हेही खरं. अशा प्रवाहाला 'अल्पकालीन, अनिश्चित मार्गाचा' म्हणायला शास्त्राची हरकत नसते. मग साठ मीटरची गरज उरत नाही. पंधरा पुरतात. वरचा उतार 'निवासी, अटींसह' करता येतो. तो पिवळा केला.

अटी मात्र मी कडक घातल्या. नऊ अटी. प्रत्येक प्लॉटला पाणी जिरवण्याचा खड्डा, अंगणात फरशी नाही, नाल्याच्या मार्गात भराव नाही, बांधकामाआधी पाण्याची वाट आखून घेणं. वाक्यं पुन्हा पुन्हा घासली. नगररचनेतल्या लोकांना असं लिहिता येत नाही. जोहड स्वतः हिरवाच ठेवलाय, काठापासून तीस मीटर. त्याला कुणाचं बोट लागणार नाही.

संध्याकाळी जयदीपला वाचून दाखवलं. त्याचं खातं रेल्वेचं, पाण्यातलं त्याला कळत नाही, पण तो ऐकतो. म्हणाला, "म्हणजे घरंही होणार आणि पाणीही राहणार. चांगलं आहे की." मग भाजी निवडता निवडता विचारलं, "आधीचं चूक होतं का?"

मी म्हटलं, "चूक नव्हतं. सख़्त होतं."


७ मे

सही केली. पोळी, दुधीची भाजी. दिवसभर युद्धाच्या बातम्या. आपलं काम कुणाच्या लक्षात येणार आहे.


१३ जून, शुक्रवार

प्रारूप आराखडा आज प्रसिद्ध झाला. हरकतींसाठी तीस दिवस. दुपारी भरपाईचा फोन आला. एप्रिलमध्ये नंबर दिला होता, विसरलेच होते.

"मैडम, नक्सा छप ग्या बतावैं सैं. गाम में दो आदमी कहवैं, एतराज लिखणा पड़ैगा. वकील करना पड़ैगा. तू बता, म्हारा जोहड़ बचा के ना?"

पाठीमागं म्हैस ओरडत होती, बायका बोलत होत्या. सगळ्या फोनभोवती उभ्या असाव्यात.

मी म्हटलं, "जोहड़ तो हरे रंग में है."

"हरा मतलब?"

"मतलब वहाँ कोई कुछ नहीं बना सकता."

तिनं तिथल्या तिथं बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "हरा सै! मैडम नै हरा करवा दिया!" आणि मला आशीर्वाद दिला. बेटे-पोतों वाली हो, असा काहीतरी. मला एकच मुलगी आहे, हे तिला माहीत असूनसुद्धा.

मी बोलले त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. जोहड हिरवाच आहे. फोन ठेवल्यावर उगाचच कपाट आवरायला काढलं.


२७ जून, शुक्रवार

गुरुग्राममधल्या एका हॉटेलात कार्यशाळा होती: 'पाणी आणि विकास यांचा समतोल'. भसीन साहेबांनी मला बोलायला लावलं. बासडीचं उदाहरण घेतलं. नऊ अटी पडद्यावर दाखवल्या तेव्हा पाठीमागच्या रांगांतसुद्धा लोक फोटो काढत होते. चहाच्या वेळी एका बांधकाम कंपनीचे गृहस्थ येऊन म्हणाले, "मैडम, आप जैसे दो-चार अफ़सर और हों तो काम करना आसान हो जाए." मी थँक यू म्हटलं.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बार्शीहून दादानं टाळ्या पाठवल्या, वहिनीनं फुलं. अक्षयानं फोटो बघितल्याच्या दोन निळ्या खुणा फक्त.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागेल, म्हणून परतताना एक सोसायटी बघून आलो. चौदावा मजला. खाली एक रिकामा खोलगट भाग दिसत होता, त्यात मातीचे ट्रक ओतत होते. जयदीप म्हणाला, "हवा चांगली येते."


१५ जुलै, मंगळवार

परवा मुदत संपली. भसीन साहेब आज मुद्दाम माझ्या टेबलापाशी आले. "बासडी से एक भी आपत्ति नहीं आई! बाक़ी गाँवों ने पचास-पचास भेजी हैं. ये होता है बैलेंस, शालिनी जी."

मला हायसं वाटलं. आधी हायसंच वाटलं, हे लिहायला हवं.

रात्रीच्या जेवणाला सांगितलं, तर अक्षयानं घास खाली ठेवला. तिनं आराखडा वाचलाय. माझा पहिला नकाशा तर तिनं याच टेबलावर पाहिला होता.

"आई, वरचा उतार पिवळा आहे. तू तर हिरवा केला होतास ना?"

"अटींसह आहे."

"आणि गावातून कुणीच हरकत नाही घेतली? स्ट्रेंज आहे यार. त्यांना काय वाटलं असेल?"

"मान्य असेल त्यांना."

"की त्यांना कुणीतरी सांगितलं, काही प्रॉब्लेम नाही म्हणून?"

ती सहज बोलली. तिला काहीच माहीत नव्हतं. मी उठून आमटी गरम करायला गेले. ती गरमच होती. गॅसपाशी उभी राहिले आणि तो फोन पहिल्या शब्दापासून पुन्हा ऐकू आला. दो आदमी कहवैं, एतराज लिखणा पड़ैगा. तीस दिवस होते त्यांच्या हातात. ते मी काढून घेतले, एका रंगाचं नाव सांगून.


२१ ऑगस्ट, गुरुवार

आराखड्याला मंजुरी महिन्याच्या सुरुवातीलाच मिळाली. त्या बैठकीला मला कुणी बोलावलं नव्हतं, मीही विचारलं नाही. आज भरपाईचा फोन. "मेह तो घणा बरस्या मैडम, पर जोहड़ रीता पड़्या सै. तू आ के देख." यंदा दिल्लीत पावसानं कहर केलाय. आणि बासडीचा जोहड रिकामा.

मी म्हटलं, बघते.


२४ ऑगस्ट, रविवार

एकटीच गेले. गावातून न जाता वरच्या रस्त्यानं, टॅक्सीनं.

नाला जिथं होता तिथं भिंत आहे. सिमेंटच्या विटांची, माणसापेक्षा उंच, तिच्या आत पुरुषभर माती टाकून जमीन सपाट केलेली. प्रारूप छापल्याबरोबरच सुरुवात केली असणार. भरपाईनं दाखवलेल्या तीन दगडांपैकी एकही दिसला नाही. वरून आलेलं पाणी भिंतीला थडकून रस्त्यावर वळतं आणि रस्त्यानं थेट हायवेकडं जातं. रस्त्यावर त्याचा लाल मातीचा पट्टा आहे.

फाटकाशी मोठा निळा फलक. त्यावर पांढऱ्या अक्षरांत नऊ अटी. माझ्या. हिंदी भाषांतर कुणी तरी चांगलं केलं होतं. सातवी अट: 'नाले के मार्ग में किसी प्रकार का भराव नहीं किया जाएगा.' फलक ज्या भरावात रोवला होता तो नाल्यातच होता. पाणी जिरवायचे खड्डे म्हणून काँक्रीटची दोन कडी मांडून ठेवली होती, वर खडी. कडी कोरडी होती. आत एक कुत्री पिलांना घेऊन बसली होती.

पहारेकऱ्यानं विचारलं, "प्लॉट देखना है मैडम?" मी हो म्हटलं. का म्हटलं? तो आनंदानं मला आतून फिरवत राहिला.

वरून खाली जोहड दिसत होता. तळाशी हिरवट डबकं आणि काठावर दोन-तीन रंगीत ओढण्या. त्यातली एक भरपाईची असेल. मी खाली उतरले नाही. टॅक्सीवाल्याला म्हटलं, आलो त्याच रस्त्यानं चला.


२ सप्टेंबर, मंगळवार

भसीन साहेबांना सगळं सांगितलं. फेरविचार करा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "शर्तें टूटी हैं ना? तो बिल्डर को नोटिस भेज देंगे. आप चिट्ठी बनाइए."

मी म्हटलं, "सर, शर्तें टूटने की बात नहीं है. वो ढलान पीला होना ही नहीं चाहिए था. मेरा पहला नक्शा सही था."

त्यांनी फाइल माझ्याकडं वळवली. "शालिनी जी, इसमें मेरा एक भी शब्द नहीं है. देख लीजिए."

बघितलं. नाही. त्यांची फक्त आद्याक्षरं आहेत. बाकी प्रत्येक ओळ माझी.

"अपने आप को क्यों तकलीफ़ दे रही हैं," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. मला अजूनही त्यांचा राग येत नाही, हेच विचित्र आहे.


१४ सप्टेंबर, रविवार

दुपारी दारावरची बेल वाजली. दारात भरपाई आणि आणखी तिघी. बस, मग मेट्रो, मग सेक्टरात तासभर पत्ता विचारत. ऑफिसच्या शिपायाकडून पत्ता काढला म्हणे. पायांतल्या चपला चौघींनी बाहेर नीट ओळीत लावल्या.

मी चहा केला. जयदीपनं पंखा वाढवला, पाणी दिलं, आणि नेहमीसारखा पेपर घेऊन आत गेला नाही, तिथंच बसला. अक्षयाही येऊन बसली.

भरपाईनं सोफ्यावर बसायला नकार दिला. खालीच बसून बोलली. गावानं वकील केलाय. तो म्हणतो मुदत गेली, पण नाला पहिल्यापासून होता असा सरकारी पुरावा मिळाला तर काही करता येईल. "मन्नै कह्या, सबूत सै. मैडम की किताब में लिख राख्या सै. मेरे आगै पढ़ के सुणाया था." मग माझ्याकडं बघून, "वा किताब दे दे बेटी. तेरा नाम आवैगा तो तन्नै कोई दिक्कत तो ना होगी?"

तिला माझी काळजी होती.

मी म्हटलं, "देखती हूँ. ऑफ़िस में ढूँढनी पड़ेगी."

फील्डबुक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. काचेतून दिसत होतं. अक्षयानं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. निघताना भरपाईनं पिशवीतून बाजरीच्या पिठाची पुरचुंडी काढून दिली, घरचं दळण.

दार लागल्यावर अक्षया म्हणाली, "तू त्यांना खोटं सांगितलंस. माझ्यासमोर."

"मला थोडा वेळ हवा होता."

"त्यांनाही हवा होता, आई. तीस दिवस." तिनं केव्हाच सगळं जोडलं होतं तर.

जयदीप म्हणाला, "तीन वर्षं राहिलीत नोकरीची." थोड्या वेळानं पुन्हा: "तीनच राहिलीत." दोन्ही वेळा शब्द जवळजवळ तेच होते, पण दुसऱ्यांदा तो वेगळं काही सांगत होता.


१६ सप्टेंबर, मंगळवार

निवेदन लिहिलं. दोन पानं. पहिला नकाशा, दुसरा नकाशा, फील्डबुकाच्या प्रती. बदल मी केला, जागेवर न जाता केला, आणि तो करण्यासाठी कोणताही शास्त्रीय आधार नव्हता, असं स्पष्ट लिहिलं. 'परिस्थितीचा विचार करून' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. जयदीपनं वाचलं, एक तारीख चुकली होती ती दुरुस्त केली, आणि दोन प्रती झेरॉक्स करून आणल्या. एक समितीला दिली, एक गावाच्या वकिलाला रजिस्टर पोस्टानं.

पोस्टानं. स्वतः नेऊन द्यायचं धैर्य झालं नाही.


६ नोव्हेंबर, गुरुवार

न्यायालयाचा अंतरिम आदेश आला. वरच्या उतारावर जिथं अजून काम सुरू झालेलं नाही तिथं बंदी, नव्यानं मोजणी करायची. झालेली भिंत आणि भराव सध्या आहे तसा. म्हणजे नाल्याचं तोंड बंदच राहणार. निदान दोन-तीन पावसाळे.

मला समितीतून कमी केलंय. खुलासा मागणारं पत्र आलंय, उत्तराला पंधरा दिवस. सल्लागार मंडळाची यादी लागली, त्यात माझं नाव नाही हे सांगायला नको. पण ती यादी मी उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी भरपाईचा फोन. खूश होती. वकिलानं त्यांना एवढंच सांगितलं की मॅडमनं नकाशा दिला म्हणून काम थांबलं. "अगले ऐतवार नै आ. सारी लुगाइयाँ नै कह राख्या सै. तेरा मान करणा सै."

सोळा तारखेच्या रविवारी गावातल्या बायका माझा सत्कार करणार आहेत.


१६ नोव्हेंबर, रविवार

अक्षया येते म्हणाली होती. मी नको म्हटलं. मग वाटलं, तिच्यासमोर खोटं बोलले होते, तर हेही तिच्यासमोरच व्हावं. पण तिच्या डोळ्यांपुढं ते शौर्य झालं असतं. एकटीच गेले.

हवा धुरकट होती, घसा धरत होता. जोहडाच्या काठावर सतरंजी, तीसेक बायका, मधे एक प्लास्टिकची खुर्ची, माझ्यासाठी. जोहडाचा तळ भेगाळला होता, त्यात पोरं क्रिकेट खेळत होती. भरपाईच्या मांडीवर नवी शाल, अजून दुकानाच्या कागदात. तिनं उठून ती माझ्या खांद्यावर घालायला हात पुढं केले.

मी तिचे हात धरले. "पहले मेरी बात सुनिए."

मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. हिंदीत, जमेल तेवढं सोपं. पहिला नकाशा बरोबर होता. तो मी बदलला. दुसऱ्या कुणी नाही, मी. तुम्ही फोन केला तेव्हा मला माहीत होतं की पाणी येणारी जागा गेलीय, तरी मी हिरवा म्हटलं. तुम्ही हरकत घेतली नाहीत ती माझ्यामुळं. घरी आलात तेव्हा वही कपाटात होती.

बोलताना मला वाटत होतं, सांगून संपलं की काहीतरी होईल. ओरडतील, शिव्या देतील. कुणी रडेल. मी तयार होते.

मागून एका तरुण बाईनं विचारलं, "कितने लिए?"

"क्या?"

"पैसे. बिल्डर से कितने लिए?"

"कुछ नहीं लिया."

त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं दुसरीच्या कानात काही सांगितलं. मला कळलं, त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी पुन्हा म्हटलं, शपथेवर, एक पैसाही नाही. आणि जसजसा त्यांचा विश्वास बसत गेला, तसतसे त्यांचे चेहरे आणखी बंद होत गेले. पैसे घेतले असते तर त्यांना समजलं असतं. पैशाची गरज कुणालाही असते.

भरपाई अजून माझ्यासमोरच उभी होती. "किमे भी कोन्या लिया?" तिनं हळू विचारलं. "फेर क्यूँ कर्या?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं. साहेबांनी सांगितलं, हे खरं नव्हतं. मला पटलं होतं, हेही नव्हतं. त्यांनी बिनसाखरेचा चहा मागवला होता, हे तीस बायकांसमोर कसं सांगायचं?

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कागद पुन्हा शालीवर नीट गुंडाळला, कडा दाबून दाबून, आणि शेजारच्या बाईकडं दिला.

"बिल सै ना? सवेरे वापस कर आइए," ती तिला म्हणाली. "दुकानवाला ले लेगा."

बायका उठायला लागल्या. सतरंजी काढायची होती, आणि मी तिच्यावर उभी होते.